४ आणि ५ नंबरचे आयर्न नीट का लागत नाहीत?

वारसिया_रोड | ८ फेब्रुवारी, रात्री ९.१५

नमस्कार मंडळी.

मी बडोद्यात राहतो आणि गेली आठ वर्षे लक्ष्मी विलास राजवाड्याच्या आवारातील गोल्फ मैदानावर आठवड्यातून दोनदा खेळतो. वयाच्या शेहेचाळिसाव्या वर्षी हा खेळ हाती घेतला. सध्या माझा हँडिकॅप (खेळाची पातळी दाखवणारा आकडा, जितका कमी तितका खेळाडू सरस) १९ आहे. आयर्न म्हणजे धातूच्या चपट्या डोक्याचे क्लब, नंबर जितका लहान तितका क्लब लांब. ९ नंबर, ८ नंबर आणि ७ नंबर या आयर्नवर माझा बऱ्यापैकी भरवसा आहे, पण ५ नंबर हातात घेतला की खांदे आपोआप आखडतात आणि ४ नंबरच्या बाबतीत तर चेंडू कुठे जाईल हे मला स्वतःलाच सांगता येत नाही. दहा चेंडू मारले तर तीन टॉप होऊन, म्हणजे क्लब चेंडूच्या डोक्यावर बसून, जमिनीलगत घरंगळतात, दोनदा चेंडूच्या आधी जमीन लागते, तीन उजवीकडे झाडांत जातात आणि उरलेले दोन असे सुरेख जातात की त्या दोघांच्या आठवणीवर मी पुढचा महिनाभर ते आयर्न बॅगेत ठेवतो.

माझा प्रश्न दुहेरी आहे. लांब आयर्नचा फटका लहान आयर्नपेक्षा खरोखर वेगळा असतो का, आणि असल्यास काय वेगळे करावे? दुसरे म्हणजे, माझ्यासारख्या खेळाडूने ते शिकण्यासाठी कष्ट घ्यावेत, की सरळ बाजूला ठेवावेत? कृपया अनुभवाने सांगावे, कारण व्हिडिओ पाहून मी पुरेसा गोंधळलेलो आहे.

दांडियाबाजारकर | ८ फेब्रुवारी, रात्री १०.०२

बाजूला मुळीच ठेवू नका. मी एकाहत्तर वर्षांचा आहे आणि आजही माझ्या बॅगेत ३ नंबर आहे. आमच्या वेळी हायब्रिड (आयर्न आणि लाकडी क्लब यांच्या मधला, रुंद तळाचा क्लब) नव्हते, १८० यार्डांवरून ग्रीन (होलभोवतीची बारीक कापलेली हिरवळ) गाठायचे तर लांब आयर्न किंवा लाकडी क्लब एवढेच पर्याय होते. लांब आयर्नचा फटका वेगळा नसतो, आपण तो वेगळा करतो, आणि तिथेच बिघडते. क्लबवर उतार कमी दिसतो, चेंडू वर उठणार नाही अशी शंका येते, मग आपण उजव्या पायावर रेलून त्याला खालून उचलायला जातो. क्लबचा सर्वांत खालचा बिंदू त्यामुळे चेंडूच्या मागे सरकतो आणि आधी जमीन लागते, किंवा जमीन चुकवून वर येणारी कड चेंडूच्या डोक्यावर बसते. तुम्हाला ज्या दोन वेगवेगळ्या चुका वाटतात, त्यांचे मूळ एकच आहे.

१९५० च्या यूएस ओपनमध्ये मेरियन मैदानाच्या अठराव्या होलवर अमेरिकी खेळाडू बेन होगन यांनी १ नंबरच्या आयर्नने ग्रीन गाठले आणि दुसऱ्या दिवशीचा प्लेऑफ जिंकला. बसची धडक बसून त्यांचे शरीर मोडले होते, त्याला तेव्हा दीड वर्षही झाले नव्हते. त्या फटक्याचे मागून घेतलेले छायाचित्र शोधून पाहावे. सगळा भार डाव्या पायावर गेलेला आहे, उजव्या पायाची फक्त बोटे जमिनीवर आहेत.

मृण्मयी_ब | ९ फेब्रुवारी, सकाळी ७.४०

काका, आपल्याविषयी पूर्ण आदर बाळगून मी असहमत आहे. होगन यांचा क्लबचा वेग आणि आठवड्यातून दोनदा खेळणाऱ्या गृहस्थांचा वेग यांची तुलना होऊ शकत नाही. माझा हँडिकॅप ११ आहे आणि माझ्या बॅगेत ६ नंबरपेक्षा लांब एकही आयर्न नाही. ५ नंबरच्या जागी हायब्रिड, त्याहून लांब अंतरासाठी ७ नंबरचा फेअरवे वुड (लाकडी क्लबच्या घराण्यातला मोठ्या डोक्याचा क्लब). हे मी पाच वर्षांपूर्वी केले आणि त्या एका हंगामात माझा हँडिकॅप तीनने उतरला.

अदिती अशोक टोकियो ऑलिंपिकमध्ये चौथ्या आल्या, पदक एका फटक्याने हुकले. त्या स्पर्धेत त्यांचा ड्राइव्ह बहुतेक प्रतिस्पर्ध्यांपेक्षा आखूड पडत होता, त्यामुळे जिथे इतर जणी लहान आयर्न घेत होत्या तिथे त्यांना हायब्रिड आणि फेअरवे वुड घ्यावे लागत होते. त्यांनी ते विनासंकोच घेतले आणि जगातील सर्वोत्तम खेळाडूंच्या बरोबरीने चार दिवस खेळल्या. कोणते साधन वापरले याची नोंद स्कोअरकार्डावर कुठेही होत नाही.

सूरसागर_काठ | ९ फेब्रुवारी, सकाळी ८.१०

मृण्मयीताईंशी सहमत. हायब्रिड घ्या आणि निर्धास्त व्हा.

यंत्रविद | ९ फेब्रुवारी, रात्री ११.२०

मी यंत्र अभियांत्रिकी शिकवतो, म्हणून थोडे विस्ताराने लिहितो.

क्लब जसजसा लांब होत जातो तसतसा साधारणपणे दर नंबरला अर्धा इंच शाफ्ट (दांडा) वाढतो आणि क्लबचे डोके सुमारे सात ग्रॅमने हलके होते. ७ नंबर ३७ इंचांचा असेल तर ४ नंबर साडेअडतीसच्या आसपास असतो. दीड इंच ऐकायला किरकोळ वाटतो, पण स्विंगमध्ये मनगटाची जी थोडीशी चूक होते ती शाफ्टच्या टोकाशी मोठी होऊन पोहोचते. त्यातच लॉफ्ट, म्हणजे चेंडूला लागणाऱ्या पृष्ठभागाचा (फेसचा) मागे झुकलेला कोन, कमी. लॉफ्ट जास्त असेल तर चेंडूला उलटी फिरकी जास्त मिळते आणि आडवी फिरकी तिच्यात झाकली जाते. लॉफ्ट कमी झाला की फेस उघडा राहण्याची तीच चूक चेंडूला कितीतरी अधिक उजवीकडे नेते. वारसिया_रोड यांचे झाडांत जाणारे तीन चेंडू कदाचित त्यांच्या ७ नंबरच्या स्विंगमध्येही असतील, फक्त तिथे ते ग्रीनच्या उजव्या कडेला पडून पचत असतील.

आता उंचीकडे वळू. हवेत चेंडूला वर उचलणारे बल चेंडूच्या वेगाच्या जवळपास वर्गाच्या प्रमाणात वाढते आणि फिरकीवरही अवलंबून असते. व्यावसायिकांच्या पीजीए टूरवरचा सरासरी खेळाडू ७ नंबर ताशी ९० मैलांच्या आसपास फिरवतो आणि ३ नंबर त्याहूनही वेगाने. त्यामुळे त्याचा प्रत्येक क्लब चेंडूला जवळपास सारख्याच, म्हणजे सुमारे ३० यार्ड उंचीवर नेतो. आपल्यासारख्यांचा वेग ताशी पंचाहत्तर मैलांच्या आत असतो. त्या वेगाला कमी लॉफ्टचा चेंडू पुरेसा वर चढतच नाही, लवकर खाली येतो, आणि परिणामी ४ नंबर, ५ नंबर आणि कधी ६ नंबरसुद्धा एकाच अंतरावर पडतात. तेव्हा काकांचे म्हणणे बरोबर आहे की आपण उचलायला जातो, पण उचलायला जाण्याची शंका अगदीच निराधार नसते, हेही मान्य केले पाहिजे.

एक गोष्ट बहुतेकांच्या लक्षात येत नाही. अर्धशतकापूर्वी ७ नंबरचा लॉफ्ट ३८ अंशांच्या आसपास असे. आज नवशिक्यांसाठी विकल्या जाणाऱ्या संचात तो २९-३० अंशांवर आला आहे आणि ५ नंबर २३ किंवा त्याहून कमी. म्हणजे तळाला ५ हा आकडा कोरलेला असला तरी हातात काकांच्या तरुणपणीचा ३ नंबर असतो. आपल्या क्लबचा लॉफ्ट मोजून घ्या, आकड्यावर जाऊ नका.

वारसिया_रोड | १० फेब्रुवारी, सकाळी ६.५५

यंत्रविद सर, हे वाचून मी रात्री उत्पादकाचे पत्रक काढून पाहिले. माझा ५ नंबर २३ अंशांचा आणि ४ नंबर २० अंशांचा आहे. आठ वर्षांत हे मला कोणीही सांगितले नव्हते. ज्या दुकानातून संच घेतला तिथे माझी उंची विचारली आणि संच बांधून दिला, लॉफ्टविषयी एक शब्दही निघाला नाही.

माझी अंतरे अशी आहेत : ७ नंबर १४० यार्ड, ६ नंबर १५०, ५ नंबर चांगला लागला तर १५५, आणि ४ नंबर चांगला लागला तरी १५५ च. आपण म्हणता तसेच झाले आहे.

मोतीबाग | १० फेब्रुवारी, दुपारी १.३०

मी पंचवीस वर्षे क्रिकेट खेळलो आणि नंतर गोल्फकडे वळलो. बडोद्यात असे बरेच जण आहेत, मोतीबागेचे मैदान आणि गोल्फचे मैदान एकाच राजवाड्याच्या आवारात असल्यावर पाय तिकडे वळणारच. युरोपीय पाहुण्यांसाठी प्रतापसिंहरावांनी केलेले हे मैदान ज्यांनी नव्वदच्या दशकात दुरुस्त करून लोकांना खुले केले ते समरजितसिंह गायकवाडही रणजी खेळलेले आहेत.

क्रिकेटमध्ये चेंडू उंच मारायचा तर आपण थोडे मागे झुकतो आणि बॅटचा चेहरा उघडतो. लांब आयर्न हातात आला की शरीर हीच जुनी गोष्ट करते. मला उपयोग झाला तो जमिनीलगतच्या स्ट्रेट ड्राइव्हच्या आठवणीचा. पुढचा पाय चेंडूच्या रेषेत, डोके चेंडूच्या वर, वजन पुढे. गोल्फमध्ये चेंडूला उंची देण्याचे काम फेसवरचा लॉफ्ट करतो, आपण फक्त ड्राइव्ह करायचा. हे समजायला मला चार वर्षे लागली. क्रिकेटमधून आलेल्या कोणाचा ४ नंबर टॉप होत असेल तर त्याने आधी हे करून पाहावे.

दांडियाबाजारकर | १० फेब्रुवारी, सायंकाळी ६.१५

मोतीबाग, अगदी योग्य लिहिले आहे. त्यात एवढीच भर घालतो की डोके चेंडूच्या पुढे जाऊ देऊ नका, नाहीतर फटका फारच खाली दबतो. चेंडू डाव्या टाचेपासून दोन-तीन चेंडूंच्या अंतरावर आत ठेवा, ७ नंबरसाठी ठेवता त्याहून किंचित पुढे. खोल डिव्हट (फटक्याने उखडलेला गवताचा तुकडा) काढण्याची गरज नाही, फक्त गवताची पात कापली गेली पाहिजे.

मृण्मयी, तुझा मुद्दा मी नाकारत नाही. पण ज्याने लांब आयर्न कधी शिकलाच नाही त्याच्या हायब्रिडमध्येही तीच उचलण्याची सवय राहते. रुंद तळ ती चूक झाकतो, एवढेच.

मृण्मयी_ब | १० फेब्रुवारी, रात्री ८.४५

काका, झाकली तर झाकू द्यावी. मी शनिवारी सकाळी मैत्रिणींबरोबर अठरा होल खेळते, ती माझी आठवड्यातील सर्वांत आनंदाची वेळ असते, आणि तिथे प्रत्येक वेळी माझ्या चुकीची पूर्ण किंमत मी का मोजावी?

साधने बदलण्यात कमीपणा मानण्याचे कारण नाही. क्लब बनवणाऱ्या पिंग कंपनीचे संस्थापक कार्स्टन सोल्हाइम हे जनरल इलेक्ट्रिकमध्ये अभियंता होते आणि गोल्फ त्यांनी बेचाळिसाव्या वर्षी सुरू केला. उशिरा सुरू करणाऱ्याच्या अडचणी त्यांना स्वतःच्या हातांनी कळल्या होत्या, म्हणूनच क्लबच्या डोक्यातील वजन मधून काढून कडांना नेण्याचा विचार त्यांनी पुढे नेला. त्यामुळे चेंडू फेसच्या मध्यभागी लागला नाही तरी डोके कमी वळते. आज काकांच्या बॅगेतील ब्लेड (जुन्या धाटणीचे पातळ आयर्न) सोडले तर जवळपास प्रत्येकाचे आयर्न त्याच विचाराने घडलेले आहेत. हायब्रिड हे त्याच वाटेवरचे पुढचे पाऊल आहे, वजन आणखी खाली आणि फेसपासून आणखी मागे. २००९ च्या पीजीए चॅम्पियनशिपमध्ये यांग योंग-यून यांनी अखेरच्या होलवर हायब्रिडने ग्रीन गाठले आणि टायगर वुड्स यांना हरवले. मेजर, म्हणजे चार सर्वांत मोठ्या स्पर्धांपैकी एक, जिंकणारे ते पहिले आशियाई पुरुष खेळाडू. तोवर शेवटच्या दिवशी आघाडीवर असलेले वुड्स मेजरमध्ये कधीही हरले नव्हते.

रावपुरा_०७ | ११ फेब्रुवारी, सकाळी ९.००

हायब्रिडची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. माझा चेंडू त्याने सतत डावीकडे वळत असे. शाफ्ट त्याच नंबरच्या आयर्नपेक्षा अर्धा ते एक इंच लांब असतो, आणि मी तो आयर्नसारखा जवळ उभा राहून मारत होतो. थोडे दूर उभे राहिल्यावर बरेच सुधारले. वारा समोरून असेल तेव्हा मात्र आजही मला ५ नंबरचा आयर्नच बरा वाटतो, कारण हायब्रिडचा चेंडू वर चढून तिथेच थबकतो.

दाट गवतात हायब्रिड निःसंशय सरस आहे. पावसाळ्यात फेअरवेच्या (कापलेल्या गवताच्या मुख्य पट्ट्याच्या) बाहेर गवत इतके वाढते की लांब आयर्नच्या मानेला ते गुंडाळले जाते आणि फेस मिटतो.

मोतीबाग | ११ फेब्रुवारी, सकाळी ९.४०

मेमधल्या जमिनीबद्दलही लिहायला हवे. उन्हाने जमीन दगडासारखी होते, एकदोनदा आधी जमीन लागून मनगटाला झिणझिण्या आल्या की हात आपोआप क्लब वर ओढू लागतात. माझी टॉप करण्याची सवय त्या एका उन्हाळ्यात लागली असे मला ठामपणे वाटते. उन्हाळ्यात सराव करताना चेंडू अगदी बुटक्या टीवर (चेंडू ठेवायच्या खुंटीवर) ठेवावा, जमिनीची भीती निघून जाते.

वारसिया_रोड | ११ फेब्रुवारी, रात्री ९.३०

सर्वांचे मनापासून आभार. सरावाची एखादी नेमकी पद्धत कोणी सांगेल का? मी बादलीभर चेंडू मारतो, पण काय सुधारले आणि काय नाही हे मला कळत नाही.

यंत्रविद | ११ फेब्रुवारी, रात्री १०.५०

दोन खुणा पुरतात. एक, क्लबच्या फेसवर टाल्कम पावडर हलकीशी लावा. चेंडू लागला ती जागा स्पष्ट दिसते. दोन, गवतावर चेंडूच्या रेषेला आडवी रांगोळीची रेघ ओढा, चेंडू न ठेवता तिच्यावरून स्विंग करा आणि गवत कुठे कापले जाते ते पाहा. कापणे रेघेवर किंवा तिच्या डावीकडे, म्हणजे लक्ष्याच्या बाजूला, सुरू झाले पाहिजे. उजवीकडे सुरू होत असेल तर वजन मागे राहिले आहे. आधी ८ नंबरने वीस वेळा, मग ६ नंबरने, आणि रेघ जमू लागल्यावरच ५ नंबर.

दांडियाबाजारकर | १२ फेब्रुवारी, सकाळी ६.२०

रांगोळी नको, ती दगडाची भुकटी असते आणि फेसवर ओरखडे पडतात. क्रिकेटच्या मैदानावर मारतात ती फक्की घ्या. बाकी पद्धत उत्तम आहे. ५ नंबरने पहिले आठ दिवस पूर्ण स्विंग करू नका, हात कमरेपासून कमरेपर्यंत, एवढाच. अर्ध्या स्विंगने चेंडू ९० यार्ड गेला तरी पुरे, पण तो सरळ आणि गवताला घासून गेला पाहिजे.

मृण्मयी_ब | १२ फेब्रुवारी, सकाळी ७.०५

काकांची ही सूचना मी जपून ठेवते आहे. आणि सराव झाल्यावर अंतरांची नोंद अवश्य करा. प्रत्येक क्लबने वीस चेंडू मारा, सर्वांत लांब गेलेला चेंडू धरू नका, मधला धरा. दोन क्लबांत दहा यार्डांचे अंतर पडत नसेल तर त्यातील एक निव्वळ ओझे आहे. नियमाने बॅगेत चौदाच क्लब ठेवता येतात, अमेरिकेत १९३८ पासून आणि सेंट अँड्र्यूजच्या नियमात १९३९ पासून. काम न करणाऱ्या क्लबाला जागा देणे म्हणजे ग्रीनजवळ उपयोगी पडेल असा एखादा वेज (जवळच्या उंच फटक्याचा क्लब) घरी ठेवणे.

वारसिया_रोड | २० एप्रिल, रात्री ८.४०

हा धागा पुन्हा वर आणतो आहे, कारण ज्यांनी वेळ काढून लिहिले त्यांना काय झाले ते सांगणे माझे कर्तव्य आहे.

नऊ आठवडे फक्कीच्या रेघेवर सराव केला. पहिल्या दिवशी ८ नंबरने वीसपैकी सात वेळाच रेघ जमली, म्हणजे ज्या आयर्नवर माझा भरवसा होता त्यातही वजन मागेच राहत होते आणि लॉफ्ट ते झाकत होता. यंत्रविद सरांनी नेमके हेच लिहिले होते. पावडर लावल्यावर दिसले की ५ नंबरचे बहुतेक चेंडू फेसच्या टोकाकडे आणि खालच्या कडेला लागत होते. तीन आठवडे ५ नंबरला हातच लावला नाही, नंतर काकांच्या सांगण्याप्रमाणे कमरेपासून कमरेपर्यंत. मोतीबागांच्या स्ट्रेट ड्राइव्हची आठवण मी प्रत्येक चेंडूआधी मनात आणतो, मी शाळेपुरतेच क्रिकेट खेळलो असलो तरी.

आता ५ नंबरचे वीसपैकी तेरा-चौदा चेंडू हवेत सरळ जातात आणि मधले अंतर १६० यार्ड आहे. ६ नंबरही सुधारून १५१ झाला. ४ नंबर मात्र सगळे करूनही १६३ च्या पुढे गेला नाही, आणि जो गेला तो इतक्या खालून गेला की ग्रीनवर थांबला नाही. तीन यार्डांसाठी तो ठेवण्यात अर्थ नाही हे मृण्मयीताईंच्या हिशेबाने स्पष्ट झाले. त्याच्या जागी २२ अंशांचा हायब्रिड घेतला आहे, तो १७२ यार्ड जातो. रावपुरा यांनी सांगितल्याप्रमाणे थोडा दूर उभा राहतो, अधूनमधून डावीकडे वळतो, पण झाडांत जात नाही.

सूरसागर_काठ | २० एप्रिल, रात्री ९.०५

अभिनंदन! २३ अंशांचा आयर्न १६० आणि २२ अंशांचा हायब्रिड १७२, हे मला कळले नाही. एका अंशात बारा यार्ड कसे?

यंत्रविद | २० एप्रिल, रात्री ९.५०

लांब शाफ्टमुळे डोक्याचा वेग थोडा वाढतो, पातळ फेसमुळे चेंडू अधिक वेगाने सुटतो, आणि वजन खाली व मागे असल्याने तो वर चढून अधिक वेळ हवेत राहतो. कमी वेगाच्या खेळाडूच्या बाबतीत या तिन्ही गोष्टींची बेरीज लॉफ्टमधल्या फरकापेक्षा मोठी ठरते.

दांडियाबाजारकर | २१ एप्रिल, सकाळी ६.१०

५ नंबर राहिला याचा मला फार आनंद झाला. ४ नंबर विकू नका. उन्हाळ्यात जमीन कडक असते तेव्हा झाडांखालून चेंडू खालून पळवायला त्याच्याइतका कामाचा क्लब नाही. मृण्मयी, तुझ्यासाठीही हे सांगतो. शनिवारी दोघेही सकाळी साडेसहाला या, पलीकडच्या झाडाखाली उभे राहून दाखवतो. अर्धा स्विंग, चेंडू उजव्या पायाजवळ, हात पुढे.

मृण्मयी_ब | २१ एप्रिल, सकाळी ७.१५

येते, काका. माझा जुना ४ नंबर माळ्यावर आहे, तो काढून आणते.

वारसिया_रोड | २१ एप्रिल, सकाळी ७.३०

मीही येतो. फक्कीची पिशवी माझ्याकडे आहे.